चाराचा आकडा

आगरदांडा
१६ जानेवारी १९३५

प्रिय दत्तोबा,

करमअलीचा मचवा परवा किहीमला लागेल. पत्र्याच्या नळीत आपल्या सोंगट्यांच्या पटाचा कागद नेहमीसारखा आहे, पण या खेपेला त्यासोबत हे पत्रही आहे. सात वर्षं आपण एकमेकांना नुसते आकडे पाठवत आलो, त्यामुळे पत्राची सुरुवात कशी करायची हेच आठवेना. म्हणून आधी बातमी सांगतो. ईद झाली आणि घरात ठरलं. महिनाअखेरीस मुंबईहून जहाज आहे, मी हजला निघतोय. आंब्यांच्या दिवसांत परतेन, परतणं नशिबात असलं तर. जाण्याआधी आपला हा डाव संपलेला बघायचा आहे, आणि तो माझ्या हातून संपणार नाही हे तू जाणतोसच.

मी सगळ्यांत मागे आहे. तुझ्या तीन सोंगट्या घरात गेल्या, चौथी घराच्या दारात उभी आहे. बुधाजी आणि करमअली तुझ्यामागे बरेच लांब, आणि त्यांच्याही मागे मी. माझ्या दोन सोंगट्या घरात पोचल्या, तिसरी बुधाजीच्या बाजूला भटकतेय आणि चौथी अजून बाहेरच पडलेली नाही. याचं आता वाईट वाटत नाही. धक्क्यावर तरीची तिकिटं फाडता फाडता माणसाला एक सवय लागते. पलीकडे दिघीला कोण आधी उतरलं याच्याशी आपलं काही देणंघेणं राहत नाही.

मिठाच्या चौकीवर आपण चौघे होतो तेव्हा मात्र मी असा नव्हतो. तिथे पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली जात आणि आपल्याला काम म्हणून उरत नसे. तू आणि मी कारकून, बुधाजी मिठागराचा मुकादम, करमअली मिठाच्या मचव्याचा तांडेल. चौघांचे चार रंग, कुणी कुणाचा भिडू नाही. हरलो की मी जेवत नसे, आणि बुधाजी मुद्दाम माझ्या पुढ्यात सुकटीची चटणी आणून ठेवी. मग चौकी बंद झाली. तू किहीमला वडिलांच्या वाडीत गेलास, मी इथे तरीवर आलो, बुधाजी लेकीकडे दिवेआगरला. डाव नुकता मांडला होता. तूच तो कागदावर उतरवलास आणि नियम सांगितलास की प्रत्येकाने आपल्या घरी कवड्या टाकायच्या, दान समासात लिहायचं, सोंगटी सरकवायची आणि कागद करमअलीच्या हाती द्यायचा. साक्षीदार नको, जो लिहील ते दान खरं. बुधाजी हसला होता, “मंग काय, समदे पंचवीसच लिवतील.” तरी सात वर्षांत कुणी पंचवीसाचं ते सगळ्यांत मोठं दान सारखं लिहिलं नाही.

तू पुढे निघून गेलास तेव्हा बुधाजीने करमअलीबरोबर मला निरोप धाडला होता, “आपुन तिघांनी मिलून दत्तूला आडवूया, न्हाय तर त्यो जिकतोय.” पुढच्याचे पाय ओढायला मागचे तिघे लगेच एक होतात, हे पटावर काही नवीन नाही. पण तोवर तुझी शेवटची सोंगटी आतल्या पट्टीत शिरली होती, तिथे तिला कुणी मारू शकत नव्हतं. तुला नेमके दोन हवे होते, कमी नाहीत की जास्त नाहीत. त्याला आता चौदा फेऱ्या झाल्या. दोन हंगाम करमअली कागद घेऊन येतोय आणि तुझ्या समासात तीन आहेत, पाच आहेत, एकदा दहासुद्धा आहेत. दोन तेवढे नाहीत.

मला हे पटेना. मी आठ दिवस रोज संध्याकाळी चटईवर सहा कवड्या दहा-दहा वेळा टाकल्या. तुझी भाभी कुबरा शेजारी भाकऱ्या थापत मोजत होती. ऐंशी वेळांत दोनाचं दान एकोणीस वेळा पडलं. ती म्हणाली, “तुमच्या दोस्ताच्या कवड्या रुसल्यात वाटतं.” कवड्या रुसत नाहीत, दत्तोबा. मग मी जुना समास कंदिलाशी धरून बघितला. तुझं अक्षर मला चांगलं ठाऊक आहे. तू घाईने लिहितोस, तुझा पाच नेहमी अर्धवट राहतो. गेले चौदा आकडे मात्र कित्त्यात गिरवल्यासारखे सुबक आहेत. खरं दान माणूस कसंही खरडतो. खोटं लिहायचं असलं की हात सावकाश चालतो.

हे मला कसं कळलं, असं तू विचारशील. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. त्याच कागदावर, चौथ्या वर्षाच्या ओळीत, माझा चाराचा आकडा बघ. त्या दिवशी तुझी एक सोंगटी माझ्यापुढे बरोबर चौथ्या घरात होती आणि पुढच्याच फेरीत फुलीवर जाऊन निर्धास्त होणार होती. मी कवड्या टाकल्या, पडले तीन. घरात कुणी नव्हतं. मी चार लिहिले आणि तुझी सोंगटी मारली. तुझा कागद परत आला तेव्हा समासात तू लिहिलं होतंस, “शाबास सिराज, नेम अजून चांगला आहे.” ते वाचून मला लाज वाटली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढे तू तरीही सगळ्यांच्या पुढे गेलास, मग मी मनाला समजावलं की तुझं काही बिघडलं नाही.

करमअली सांगतो, त्याचं शीड दिसलं की तू वाडीतून पुळणीवर येऊन उभा राहतोस. त्याला दोन दोन तास बसवून घेतोस, चहा पाजतोस, माझं आणि बुधाजीचं काय चाललंय ते विचारतोस. वहिनी गेल्यापासून घरात तू एकटाच. त्या गेल्या दोन हंगामांपूर्वी, तुझ्या त्या पहिल्या सुबक तिनाच्या महिनाभर आधी. मी हिशेबी माणूस, तरी हे जुळवायला मला इतका वेळ लागला. आणि मीही तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, तोही माझाच कसूर.

आमच्यात हजला जाणारा घरोघर फिरून माफी मागतो. कुणाचं मन दुखवलं असेल, कुणाला फसवलं असेल, ते त्याच्या तोंडावर सांगून माफ करून घेतल्याशिवाय जहाजात पाय ठेवायचा नसतो. मी एकवीस घरं फिरलो. बहुतेकांना मी काय बोललो होतो ते आठवतही नव्हतं. काल कुबराने विचारलं, “आता कोण राहिलं?” मी म्हटलं, किहीम. तेवढ्यासाठी हे पत्र. त्या चाराबद्दल मला माफ कर, आणि केलंस तर समासात तेवढा एक शब्द लिही. तुझ्या चौदा आकड्यांना माफी लागत नाही. आता मात्र दोन लिही, नेहमीसारखे घाईघाईने, आणि जिंकून टाक. नळीत आणखी एक कागद आहे, मी कालच आखलेला. चौघांच्या सोळा सोंगट्या अजून बाहेर पडायच्या आहेत. पहिलं दान तुझं, दुसरं माझं. मी परतलो नाही तर माझ्या जागी कुबरा कवड्या टाकेल. तिला खोटं लिहिता येत नाही.

तुझाच, सगळ्यांत मागे राहिलेला,
सिराजुद्दीन