डोळा लागला का?

४ मार्च
पोचले. खोली हवी होती तशीच मिळाली: पूर्वेची खिडकी, भक्कम टेबल, नळाला पाणी. आईला फोन करून सांगितलं, सगळं छान आहे. तिने विचारलं, जेवलीस का. मी चंद्रावर गेले तरी ती हेच विचारेल.

लॅब तळघरात आहे आणि काम गुहेतल्या आंधळ्या माशांवर. या माशांच्या गर्भात डोळा तयार व्हायला लागतो आणि मग आपोआप विरघळतो. जनुकं असतात, पण मध्येच गप्प होतात. त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हा प्रकल्प. प्रमुखांना सगळे बाई म्हणतात. टँक सांभाळणारा मामा, जरी तो इथे कोणाचाच मामा नाही. आमच्या पेशी सँपलमध्ये मिसळल्या तर ओळखू याव्यात म्हणून गालाच्या आतून कापूस फिरवून माझाही डीएनए घेतला. योग्य पद्धत आहे. मला आवडली.

५ मार्च
सकाळी बाईंनी विचारलं, डोळा लागला का? म्हटलं, लागला की, मस्त झोप झाली. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. नव्या माणसाची थट्टा सगळीकडेच होते.

११ मार्च
मामा म्हणतो, वापरला नाही की अवयव जातो. मी समजावलं की तसं नसतं. अंधारात डोळा बिघडलेला मासाही तगतो, म्हणून बिघाड पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. बाई म्हणाल्या, शहाणपण वरच्या मजल्यावर ठेवून खाली येत जा. कोणी माझी बाजू घेतली नाही. अपेक्षाही नव्हती. दिवसभर लाल दिव्यात काम असतं. वर आलं की ऊन टोचतं.

१७ मार्च
एका पिल्लाला डाव्या बाजूला डोळा आला आहे. त्याच्या सँपलमध्ये माणसाचा डीएनए निघाला. माझा. बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, काम करताना डोळे काय गहाण टाकले होते? नवे हातमोजे, नवी रसायनं घेऊन पुन्हा केलं. तेच. शेपटीच्या सँपलमध्ये नाही, फक्त डोळ्याच्या. हे मिसळणं नव्हे. सांडलेलं पाणी जागा निवडत नाही.

१९ मार्च
डाव्या डोळ्याच्या कडेला धूसर दिसतंय. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा तपासलं आणि विचारलं, हा डोळा जन्मापासूनच असा लहान आहे का?

२० मार्च
बाईंनी पुन्हा विचारलं, डोळा लागला का? या वेळी मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, टँककडे बघत होत्या. उत्तर मामाने दिलं. एक पक्का लागला बाई, दुसरा धरतोय.

कलम लागतं, तसा.

झोपेबद्दल त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

२१ मार्च
राजीनामा दिला. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, जा की. डोळा काही तुझ्याबरोबर यायचा नाही.

आईला सांगितलं नाही. डाव्या पापणीखाली बोटाला पोकळ लागतं. तरी दिसतंय. लाल उजेड, हिरवट काच. मी खोलीत आहे. खोलीत लाल काहीच नाही—

२२ मार्च
पिल्लू मारायचं. डावा गेला तर गेला, उजवा वाचेल. भुलीचं औषध जास्त घातलं की झालं. त्याला दुखणार नाही. मलाही नसावं.

खाली
दाराला बाहेरून कडी. मामा हसतोय.
औषधाची बाटली कुणीतरी आधीच रिकामी करून ठेवली आहे.
दुसरं पिल्लू. उजव्या बाजूला ठिपका— काल नव्हता—
वही मांडीवर. उजव्याने ओळी पुसट. डाव्याने स्पष्ट दिसतंय, काचेच्या आतून. बाहेर एक मुलगी वाकून लिहितेय. मीच. आणि माझ्या मागे—
बाई. आधीपासून इथेच होत्या. पाऊल वाजलं नाही
हात पुढे येतोय, केस सावरावेत तसा मायेने, अंगठा उजव्या पापणीवर, म्हणतायत हलू नकोस, थोडंसंच रा