आभाळातला फराटा

४ मार्च

गेलं! सगळं गेलं! इतके दिवस जपलेलं आभाळ बाबांनी एका फटक्यात काळं केलं.

झालं असं — चित्र सुकावं म्हणून मी ते त्यांच्या टेबलावर, डाव्या बाजूला ठेवलं आणि दूध तापवायला गेले. तिथे त्यांचा ब्रश पुसायचा कागद असतो. जन्मभर चित्रकलेचे मास्तर! ब्रश पाण्यात बुडवायचा आणि न बघता डावीकडे पुसायचा, ही हाताची सवय. तसाच पुसला. चित्रातल्या कौलांच्या वर, ऐन पहाटेत, वीतभर तिरका काळा फराटा!

"बाबा, माझं मोकळं आभाळ! काय केलंत हे?"

"कुठे काय? उगाच आरडाओरडा करू नकोस."

चोराच्या उलट्या बोंबा. दूध उतू गेलं ते वेगळंच.

५ मार्च

ओल्या स्पंजने पुसून पाहिलं. कागदाची साल निघाली, फराटा जागचा हलला नाही.

फ्रेमवाला सोमवारी प्रदर्शनासाठी चित्र न्यायला येणार. प्रदर्शन हुकलं तर हुकलं, त्याचं एवढं नाही. मला ते बाबांना दाखवायचं होतं. बावन्न वर्षांची घोडी झाले, तरी त्यांच्या तोंडून एकदा "चांगलं झालंय" ऐकायचंय. आजवर माझ्या प्रत्येक चित्राला एकच शेरा — "अजून राहिलंय." वर्गातल्या टवाळ पोरांनासुद्धा शाबासकी द्यायचे. घरच्या पोरीच्या वेळी हात आखडता.

६ मार्च

आमचा अबोला चालू. जेवायला वाढते, ते जेवतात.

दादाचा फोन आला. "म्हातारपण आहे, सांभाळून घे." लांबून सल्ला द्यायला याचं काय जातं! म्हटलं, तू ये आणि आठ दिवस सांभाळ. लगेच त्याला मीटिंग आठवली.

संध्याकाळी बाबांनी चहाचा कप टेबलावर ठेवायच्या ऐवजी हवेतच सोडला. वर म्हणे मी टेबल सरकवलं! काचा मीच गोळा केल्या.

७ मार्च

कंटाळा.

८ मार्च

दुपारी भांडी घासून झाल्यावर चित्र भिंतीला टेकवलं आणि समोर जमिनीवर बसले. उठायचं जिवावर आलं होतं, म्हणून नुसती बघत राहिले. फराटा खाली जाड, वर ब्रशचे केस फाकल्याच्या खुणा. अरे, हा तर विजेचा खांब! गल्लीच्या टोकाला आहे तसा, कललेला. सरळ असता तर सुचलंच नसतं.

एक तार ओढली. मग दुसरी. मग हात थांबेचना! या कौलावरून त्या कौलावर, खिडकीतून खिडकीत — अख्खं आभाळ तारांनी भरलं. कागदाची साल गेली होती तिथे रंग फुटत होता, म्हणून त्या जागी वायरमन चढवला. एक पाय हवेत, दातांत टेस्टर.

पाठ मोडून आली. पण आज कुणावर चिडले नाही.

९ मार्च

फ्रेमवाला आला. एरवी चित्राची फक्त मापं घेणारा माणूस! बराच वेळ बघत उभा.

"ताई, हा पडणार नाही ना?"

"पडलाच तर तुमच्या काचेवर पडेल."

हसला. म्हणाला, "हा नसता तर याचं कॅलेंडर झालं असतं." मेल्याला बरोबर कळलं! माझी ती पहाट नुसतीच गोड होती. आता त्यात कुणीतरी कामावर आलंय.

उद्या न्या म्हटलं. आधी बाबांना दाखवते. अबोला मीच सोडणार, दुसरं कोण!

१० मार्च

बाबांना खिडकीशी, चांगल्या उजेडात बसवलं आणि चित्र हातात दिलं. किती तरी वेळ धरून बसले. मग म्हणाले, "चांगलं झालंय. आभाळ एवढं मोकळं सोडायला धीर लागतो, पोरी."

वायरमन त्यांच्या नाकासमोर होता.

जन्मभर ऐकायचं होतं ते ऐकलं. "हो बाबा," म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरची उद्या सकाळची वेळ घेतलीय.