विटेकला पोलंडने मागितलं

४ फेब्रुवारी

सकाळी पोलिसांनी माझ्या नवऱ्याला नेलं. विटेक छपराच्या कामावर निघाला होता, डबा हातात. पोलंड सरकारने मागितलंय म्हणे त्याला. तिकडे आमच्या गावी लाकडाची वखार जळाली होती, पहारेकरी त्यात गेला. ती आग विटेकने लावली, असं त्याचा जुना भागीदार आता सांगतोय. एवढ्या वर्षांनी! तरी मी दुकानात कामाला गेले. सॉसेज कापताना बोट कापून घेतलं.

६ फेब्रुवारी

जामीन नाही. वकीलबाई, अडेल केसलर, म्हणाल्या, "अशा प्रकरणांत सहसा देत नाहीत. पळून गेला तर दुसऱ्या देशाला दिलेला शब्द मोडतो."

२ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१२ एप्रिल

सुनावणी. वखार जळाली त्या संध्याकाळी आमची किंगा जन्मली. विटेक दुपारपासून माझ्या उशाशी होता. नर्सने दोनदा हाकलला, दोनदा परत आला. हे सांगायला मी कोटाला इस्त्री करून गेले होते. न्यायाधीशांनी साक्षीला उभंसुद्धा केलं नाही.

बाहेर केसलरबाई म्हणाल्या, "बोझेनाबाई, हा खटला नाहीच. दोषी की निर्दोष, हे इथे ठरत नाही. हा गुन्हा दोन देशांतल्या आरोपी सोपवण्याच्या करारात बसतो का, आणि संशयाला पुरेसा आधार आहे का — एवढंच. तिकडचा पुरावा खोडणारी साक्ष तिकडच्याच कोर्टात द्यायची."

"म्हणजे मला खरं बोलता यावं म्हणून आधी त्याला बेड्या घालून तिकडे पाठवायचं?"

"हो."

बाई खोटा धीर देत नाहीत, हे एक बरं.

किंगा गाडीत रडली. "आई, माझा जन्म हाच पुरावा आहे आणि तो कुणाला नकोय."

३ मे

पाठवायला हरकत नाही, असा निकाल. यावर सरळ अपील नसतं. आता परराष्ट्रमंत्र्यांची सही राहिली.

१७ जून

तुरुंगात भेट. काचेपलीकडे विटेक. गालफडं बसलीत.

"स्वयंपाकघर गळतंय का अजून?"

"गळतंय."

"मग माणूस बोलव की."

"छपरं घालणाऱ्याची बायको मी. दुसऱ्याला बोलावलं तर लोक काय म्हणतील?"

हसला. वेळ संपली.

८ जुलै

निकालाला दोन महिने उलटले, न्यायला कुणी आलं नाही. एवढ्या मुदतीत नेलं नाही तर सुटकेची मागणी करता येते, कायद्यातच आहे. केसलरबाईंनी अर्ज टाकला.

१९ जुलै

सुटला. उशीर का झाला, याचं धड कारण सरकारी वकिलाला देता आलं नाही. "पुन्हा मागू शकतात," केसलरबाईंनी बजावलं. घरी बटाटा भरून उकडलेले पिएरोगी केले. विटेक जेवतो, पण दारावर कुणी आलं की घास हातातच राहतो.

२ ऑगस्ट

विटेक म्हणाला, "मी जातो तिकडे. माझ्या पायांनी. माझं ऐकून घेणारं कोर्ट तेवढं एकच आहे."

दोन तिकिटं काढली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, परतीची कधीची? म्हटलं, अजून माहीत नाही.