झाकण उघडू नये

११ सप्टें., गुरुवार
बाबांनी नव्या घरासाठी आणलेल्या राखेच्या विटांचे तुकडे मी लॅबमध्ये तीन बरण्यांत बंद केले. झाकणांना ग्रीस, वर चिठ्ठी: उघडू नये. विटेतून रेडॉन, फुप्फुसांना घातक किरणोत्सारी वायू, किती निघतो ते बरणीत साचल्याशिवाय कळत नाही. तीनेक आठवडे. आई म्हणाली, लोणचंही लवकर मुरतं. तळमजल्याची खोली तिचीच, छाती आधीच खराब. म्हणून तर हा खटाटोप.

२० सप्टें.
बाबांचा पुन्हा फोन. "ईट काय बोलते तुजी, बाय?" म्हटलं, पितृपक्षात कुठे बांधताय? "दसऱ्याला मुहूर्त हाय. गवंडी थांबनार नाय." रोज हेच. डोकं उठवलंय.

१ ऑक्टो., खंडेनवमी
उशिरा पोचले तर लॅबमध्ये पूजा उरकलेली. मशीनला झेंडूचा हार, बरण्यांवरही हळदकुंकू! अटेंडंट मोरेकाका साताऱ्याचे, उत्साह उतू जातो. मी पुसत बसले. मग नळी जोडून रीडिंग. तिन्ही रिकाम्या बरणीइतकी. एवढी कमी? परत घेतली. तेच. बाबा खोळंबलेले. कळवलं, बांधा.

२ ऑक्टो., दसरा
पहिली वीट आईच्या हातून. बाबा गवंड्याला ऐकवत होते, "माज्या पोरीनं तपासलेली ईट हाय." श्रीखंड खाताना डोक्यात तेच. एवढी कमी कशी?

३ ऑक्टो.
बरण्या रिकाम्या करायला घेतल्या. दुसरीत, विटेखाली, झेंडूची पाकळी. आत!

मोरेकाकांना गाठलं. "मॅडम, आतनं धूळ हुती. पूजेला अशा घाण ठेवायच्या व्हय? पुसून झाकणं परत घट्ट लावली की." आणि चिठ्ठी? "ती बी चिकटवली." साचलेलं सगळं उडालं. आणि मी शहाणी, शंका आली तरी 'बांधा' म्हणाले.

बाबांना फोन. पायावर विटांचे चार थर चढलेले. "मंग काय, तोडायची भित?" माहीत नाही, परत मोजावं लागेल. मग बाबा म्हणाले, "बंद कर बरनी. मी काम बंद करतो." मागे गवंड्याची बडबड.

४ ऑक्टो.
बरण्या पुन्हा बंद. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. मोरेकाका रुसलेत. रुसू देत. रीडिंग आता दिवाळीनंतर.

संध्याकाळी नव्या घरी गेले तर आई त्या अर्ध्या भिंतीला टेकून बसलेली. "गार लागतंय बघ." तिला उठवलं. उघड्यावर वायू साचत नाही, काही होत नाही, मला चांगलं माहीत आहे. तरी उठवलंच.