लहान फाटकासह

४ मार्च ९६, सोमवार
साहेबांबरोबर नगरपालिकेच्या मोठ्या बागेची पाहणी. फाटकावर माहितीचा आणि नियमांचा फलक लावायचाय, मजकूर मी करायचा. नोकरीला आठ महिने झाले, हे पहिलं स्वतंत्र काम.
दुपारी साडेबारा. कारंज्यामागच्या चिंचेखाली पाच बायका आडव्या झालेल्या. चपला उशाला. साहेब म्हणाले, "ह्या कोण?" मी म्हणाले, "भाजीवाल्या असतील. फाटकाबाहेर बसतात."
कडेला होती ती माझी आई. तिने मला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.
ऑफिसात मी सांगितलंय, आई घरीच असते.

६ मार्च, बुध.
जुन्या फाइलमध्ये टाइप केलेला आदेश सापडला. हिरवळीला पाणी सोडण्यासाठी बाग दु. १२ ते ४ बंद. प्रत्यक्षात मोठं फाटक लावतात, शेजारचं लहान फाटक कुणी लावत नाही. वॉचमन दत्तूमामा त्या वेळी जेवतात, झोपतात. आदेशात लहान फाटकाचा उल्लेखच नाही. संदिग्धता. ती काढली.
नियम ३: दु. १२ ते ४ बाग पूर्ण बंद राहील, लहान फाटकासह.
बाकी नेहमीचं. फुले तोडू नयेत, सायकल आणू नये, हिरवळीवर डबा खाऊ नये. एकूण अकरा. साहेबांनी एक शब्द बदलला नाही.

१४ मार्च
अत्तार चाचांच्या पेंटिंगच्या दुकानात. पत्रा ६ × ४ फूट, पिवळ्यावर काळी अक्षरं, उंची दोन इंच. वीस फुटांवरून वाचता यायला हवं.
चाचा खडूने ओळी आखता आखता म्हणाले, "म्याडम, काय करू नका त्ये अकरा येळा लिवलंय. पाणी कुठं, संडास कुठं, एकदा बी न्हाई. पावणं आलं तर इचारणार कुणाला? मला?"
"जागा उरत नाही," मी म्हणाले.
उरत होती. खाली साडेचार इंच.

१८ मार्च, सोम.
फलक लागला. ओळंबा लावून पाहिला, बरोबर. साहेब खूश.
दत्तूमामांनी लहान फाटकाला नवं कुलूप आणलं. "आता लेखी हाय म्हटल्यावर आमचा इलाज न्हाई."
घरी आई भाकरी थापत म्हणाली, "लई झ्याक दिसतोय की तुझा बोर्ड. शेवंती इचारत हुती, आमचं नाव बी हाय काय त्यात." हसली. शेवंतामावशी तिच्या शेजारी बसते, कुरुंदवाडहून पहिल्या एसटीने वांगी आणते. तिला एवढंच माहीत की मी 'हापिसात' आहे. कुठल्या, ते आईने सांगितलेलं नाही.
मी म्हणाले, "नियम सगळ्यांना असतात."
"व्हय की. मी कवा न्हाई म्हणालो?"

२७ मार्च
आई सकाळचा चहा घेत नाही. पित्त होतं म्हणे. पाण्याची बाटली भरून दिली होती, संध्याकाळी तशीच परत आणली. एवढ्या उन्हात.

२ एप्रिल, मंगळ.
तीन वाजता शेवंतामावशी आईला रिक्षातून घेऊन आली. मी घरी, रजेवर होते म्हणून भेटले. ताप, ओटीपोटात कळा. तिघी डॉक्टरांकडे. लघवीचा जंतुसंसर्ग. डॉक्टर म्हणाले, "पाणी पीत नाही का? की धरून ठेवता?"
मावशी म्हणाली, "धरंल न्हाईतर काय करंल? संडास बागंत. सकाळी गिऱ्हाईक सोडून उठता येत न्हाई. आधी दुपारी एकीनं भाजीच्या पाट्या राखायच्या, बाकीच्या आत जाऊन यायच्या. आता बाराला कुलूप. म्हणून ही बया पाणीच पीत न्हाई!"
घरी आल्यावर परत सुरू झाली. "कुठल्या मुडद्यानं लिवलाय त्यो बोर्ड, त्याला एक दिवस बशिवला पायजे तिथं पाटीम्होरं."
"गप की शेवंते. आसंल कोन तरी सायेब."
माझ्याकडे पाहिलं नाही. मी मावशीला चहा दिला. ती म्हणाली, "लेक गुणाची हाय बग तुझी."

४ एप्रिल
साहेबांना विचारलं, लहान फाटक उघडं ठेवता येईल का, संडास आत आहे. ते म्हणाले, "ते तुम्हीच घातलंत ना? चांगलं घातलंत. बदलायचं तर तक्रार अर्ज हवा. कुणाचा आहे?"
"बघते."
"बघा. आला तर तुमचा अभिप्राय लिहून माझ्याकडे द्या."
साहेबांची काही चूक नाही.

१० एप्रिल, बुध.
आई ऐकत नाही, कालपासून परत बसते. एक वाजता मी तिथे गेले. म्हटलं, चल. ती नको नको म्हणत मागून आली.
दत्तूमामांनी मला बघून कुलूप काढलं. "या म्याडम. तुमास्नी कोण आडिवणार?" मी आत गेले. म्हणाले, "यांनाही येऊ द्या."
"ह्या कोण तुमच्या?"
मी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "कोन न्हाई. ह्यांच्या घरी भाजी घालतो मी."
"मग चारला या मावशी. नियम हाय, म्याडमनीच केलाय."
कुलूप लागलं. मी आत, ती बाहेर. तेव्हाही सांगता आलं असतं. ती तिच्या भाजीच्या पाटीपर्यंत चालत गेली तेवढा वेळ होता.

११ एप्रिल
६ मार्चची नोंद वाचली. संदिग्धता वगैरे खोटं आहे. पुन्हा फेरी झाली तर साहेबांना, मला, ती चिंचेखाली दिसू नये, म्हणून ते दोन शब्द घातले. हे लिहायला महिना लागला.
आईला म्हणाले, अर्ज तुझ्या नावाने करते. म्हणाली, "माझं नगं. आडनाव बगत्यात. शेवंतीचं घाल." मग कुशीवर वळून, "तुला तितं बसायचं हाय."

१२ एप्रिल, शुक्र.
अर्ज आईच्याच नावाने लिहिला. सकाळी तिने सही केली, एकेक अक्षर काढत. काय लिहिलंय ते विचारलं नाही.
अभिप्रायात टाइप केलं: "अर्जदार विक्रेत्या गेली चौदा वर्षे फाटकाबाहेर बसतात. लहान फाटक दुपारी उघडे ठेवावे. 'लहान फाटकासह' हे शब्द मूळ आदेशात नव्हते, ते मी घातले." थांबले. मग खाली, शाईने: "अर्जदार माझी आई आहे."
साहेब रजेवर. उद्या दुसरा शनिवार. कागद त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. आवक क्रमांक सोमवारी पडेल. तोवर तो नुसता कागद आहे, आणि साहेबांच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते.
निघताना चाचांकडे गेले. खालच्या साडेचार इंचांत 'महिलांसाठी संडास आत, डावीकडे' बसतं का विचारलं. त्यांनी बोटांनी मापलं. "बसतंय की. पर फाटक उघडं आसंल तर लिवतो."
म्हटलं, सोमवारी सांगते.