पुलावरची कायोको

३ नोव्हेंबर
खट्, खट्, खट्. शाळेला येताना लाकडी पुलावर कायोकोच्या खडावा वाजायच्या. साठ वर्षं झाली, अजून शाळेत पाठ केलेल्या कवितेबरोबर तोच ताल कानात येतो.
संकल्प: बर्फात, पुलावर, छत्रीखाली उभी कायोको लाकडात कोरून छापायची. ती गावात मुलाकडे राहायला आली आहे. डिसेंबरात आमच्या ठसाचित्र-वर्गाचं प्रदर्शन; येणारच. मी विसरलो नाही हे तिला चित्रातून कळेल. तोंडाने सांगणं आमच्याच शाळेतल्या कादोवाकीला शोभतं. तोही याच वर्गात आहे. त्याचा मासा रताळ्यासारखा दिसतो.

९ नोव्हेंबर
चेहरा सुरेख. फक्त नाक उडालं. लाकूड भिकार. शिकवणाऱ्या ओरिहाराबाई म्हणाल्या, आजोबा, कोरून काढलेलं परत चिकटत नाही, तेवढं कागदावर पांढरंच राहणार. कालची पोर. सगळा चेहराच कोरून काढला. चेहरे दाखवणं कॅलेंडरवाल्यांचं काम.

१५ नोव्हेंबर
खांदा गेला, मग धडही कोरून काढलं. छत्री आणि पावलं उरली. जास्त काव्यमय. हारुएने विचारलं, अहो, ही बाई की अळंबी? इतका संसार केला, पण बायकोला कवितेचा गंध नाही.

२२ नोव्हेंबर
छत्री नको होती. काढली. कादोवाकी म्हणतो, कविराज, बाई दर आठवड्याला थोड्या थोड्या घरी निघाल्यात वाटतं. सगळा वर्ग हसला. अडाणी माणसं. पावलंही काढली.

२८ नोव्हेंबर
पुलाचा कठडा तुटला. पूल हा अडसरच होता. आता शुद्ध हिमवर्षाव. इतकं धाडस या गावात कुणी केलेलं नाही.

६ डिसेंबर
प्रदर्शन. चौकट रिकामी समजून कुणीतरी माझ्या चित्रावर ‘चहा तीन वाजता’ अशी चिठ्ठी लावली. ती वाचायला गर्दी होती. रताळ्याला बक्षीस. कायोको आली नाही. बरंच झालं, तिला समजलं नसतं.

७ डिसेंबर, दुपार
बेल वाजली. दारात कायोको. कादोवाकीने तिला फोनवर सांगितलं म्हणे, कविराजांनी तुझं चित्र केलंय. गुडघ्यांमुळे सभागृहाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून घरीच आली. हारुए तिला सांगते आहे, बसा ना, वरच आहेत, काल घरी आणलेलं चित्र घेऊन येतील इतक्यात.
जिन्यातून वाकून पाहिलं. ठेवणीतला किमोनो नेसली आहे. चष्मा पुसून, डोळ्यांवर चढवून, तयार बसली आहे.