झडतीचा पडदा

३ फेब्रुवारी १९८३
वरून सर्क्युलर आलं. मुलाकातीनंतर कैद्याची अंगझडती चारचौघांत घेऊ नये, आडोसा असावा. जेलरसाहेबांनी न वाचताच माझ्याकडे ढकललं. योग्य शिपायाच्या हाती पडलं. बारा वर्षांत मी एकाही कैद्याच्या अब्रूला हात लावलेला नाही. फक्त कपडे उतरवले.

५ फेब्रुवारी
गेटजवळच्या कोपऱ्यात दोरी बांधून दोन घोंगडी टांगली. वर्धा जिल्ह्यात असली सोय दुसरी नसावी. एका घोंगड्याला भोक आहे. उद्या शिवीन.

६ फेब्रुवारी, रविवार
भोक राहिलं. पहिला मान रामाजीला. समुद्रपूरकडचा, साठीचा, मारामारीत दोन वर्षं. बायको देवकाबाई दर रविवारी एस.टी.नं भेटायला येते. बाकीच्यांचं मिनिटात उरकलं, त्याला मात्र पडद्याआड मुद्दाम दहा मिनिटं लावली, तब्येतीची चौकशी केली. रामाजीला भरून आलं असावं.

८ फेब्रुवारी
रामाजी एकटाच जेवतो. तो बसला की बाकीचे ताटं घेऊन उठतात. विचारलं, तर म्हणे, साहेब, मले आडोशाले काऊन नेलं? सगळे म्हणून राह्यले का म्या तुमाले खबरा देतो. कैद्यांना प्रायव्हसी समजत नाही. समजवावी लागेल.

१० फेब्रुवारी
बराकीत छोटंसं भाषण केलं. रामाजी खबऱ्या नाही, माझी स्वतःची गॅरंटी. दुपारी त्याच्या अंथरुणावर पाणी सांडलेलं. योगायोग.

१३ फेब्रुवारी, रविवार
देवकाबाई आली. रामाजी बराकीतून उठेना. म्हणे, पाया पडतो साहेब, पहिल्यासारखी सगळ्यायसमोर घ्या झडती. मी नियमावर ठाम. मग म्हणाला, तिले सांगा, येऊ नको म्हणा. रामाजीला ताप आहे म्हणून बाईला सांगितलं. तिनं डबा दिला. रामाजीनं उघडला नाही.

१६ फेब्रुवारी
रिपोर्ट पाठवला : नव्या पद्धतीबद्दल एकही तक्रार नाही. साहेब खूश.

२० फेब्रुवारी, रविवार, सायंकाळ
देवकाबाई सकाळपासून गेटबाहेर. तापच सांगितला. शेवटच्या गाडीच्या वेळी जवळ आली. म्हणे, तो हाय ना जी? मले खरं सांगा. आहे म्हटलं. मंग दुरून दाखवा म्हणे. नियमात बसत नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. मला फार वाईट वाटलं, पण घोंगडी काढली नाहीत, सर्क्युलर मिळाल्याची सही माझी आहे. गेटवर इतरांचीही माणसं होती, पण बराकीतून आज मुलाकातीला कुणीच आलं नाही. झडती निरंक.